‘रस्त्यात’ नावाचा रकाना

आमच्या ऑफिसात कुणीही आलं की बाई त्याला आधी खुर्चीत बसवायच्या आणि त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळायच्या. पाऱ्याचं जुनं बीपीचं मशीन त्यांनी मराठवाड्यातून येताना बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवून आणलं होतं. बॅटरीवर चालणारी मशीनं खोटं बोलतात असं त्यांचं ठाम मत. कुरियरवाल्याचं बीपी त्यांनी एकदा सही करता करता घेतलं आणि त्याला तिथूनच डॉक्टरकडे पाठवलं. त्यानंतर तो पार्सल नसलं तरी महिन्यातून एकदा दंड वर करून उभा राहायचा. आमच्या डायरेक्टरला हे सगळं अजिबात आवडत नसे. ऑफिसात असं कुणाला हात लावणं कायद्याने कसं चुकीचं आहे, हे त्याने बाईंना दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याचंही बीपी घेतलं.

बाकीचे त्यांना डॉक्टर म्हणत. ‘बाई’ म्हणणारी मी एकटी. आमच्या नागपूरकडे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना लोक असंच म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “हेच म्हण. मॅम म्हटलंस तर मी ओ देणार नाही.”

आमची कंपनी अगदी छोटी. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या एका ऑफिस पार्कमध्ये, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. कुणीतरी आफ्रिकेतल्या एखाद्या देशात आरोग्याचा कार्यक्रम चालवायचं आणि तो खरंच चालला का, हे तपासून आम्ही अहवाल लिहायचो. मी डेटावाली. त्या देशातून आलेल्या फाइली साफ करायच्या, तक्ते करायचे, आलेख काढायचे. त्या आकड्यांना अर्थ आहे की नाही हे बाई सांगायच्या. मूळच्या त्या बाळंतपणाच्या डॉक्टर. अर्धं आयुष्य मराठवाड्यात काढून, नवरा गेल्यावर मुलाकडे अमेरिकेत आल्या, मुलाशी पटलं नाही म्हणून एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या, आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी हे काम धरलं.

टक्केवारी त्यांना सहन होत नसे. “टक्का बाळंत होत नाही,” असं त्या मीटिंगमध्ये इंग्रजीत सांगायच्या, आणि ते इंग्रजीत काहीतरीच वाटायचं. अहवालात बायकांना ‘लाभार्थी’ म्हटलेलं दिसलं की त्या तो शब्द खोडून ‘बाई’ लिहायच्या. प्रगतीचा तक्ता आम्ही हिरव्या, पिवळ्या आणि लाल चौकोनांनी रंगवायचो. तो पडद्यावर आला की त्या म्हणायच्या, मला हिरवा रंग दिसत नाही. नवीन आलेल्या एका मुलाने त्यांच्यासाठी तो तक्ता करड्या रंगात करून आणला. त्या दिवशी बाई हिरवागार स्वेटर घालून बसल्या होत्या.

जेवायच्या उभ्याने. दुपारी खिडकीपाशी उभं राहून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बसून जेवलं की झोप येते आणि झोपेत डॉक्टर चुकतो, हे कारण. गाडी इतकी सावकाश चालवायच्या की फोर हंड्रेड हायवेवर मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. पण सकाळी सहाला त्या टेबलापाशी असत. आमच्याकडे सहा म्हणजे तिकडे भर दुपार. त्या वेळात त्या थेट तिथल्या खेड्यातल्या दवाखान्यांना फोन लावायच्या. हे आमच्या कामाच्या पद्धतीत कुठेच बसत नव्हतं. माहिती वरून यायची, ठरलेल्या नमुन्यात. बाई मात्र तिथल्या सिस्टरना विचारायच्या, आज वीज आहे का? आज पाणी कुणी आणलं? गाडीत आज डिझेल आहे का? कुणी ‘सहसा असतं’ म्हटलं की त्या पुन्हा विचारायच्या, “आज?”

ज्या कार्यक्रमाबद्दल मला सांगायचं आहे, तो आफ्रिकेच्या आग्नेयेकडच्या एका देशातला. देशाचं नाव लिहीत नाही, करारात तसं कलम आहे. कार्यक्रम साधा होता. बायकांनी घरी नव्हे, दवाखान्यात बाळंत व्हावं, आणि दवाखान्यात एकही बाई दगावू नये. एखाद्या दवाखान्यात मृत्यू झाला की तिथल्या सिस्टरला समितीपुढे उभं राहून उत्तर द्यावं लागे. ज्या दवाखान्यात वर्षभर मृत्यू झाला नाही, त्याच्या दारावर पाटी लागे. तिसऱ्या वर्षी एका संपूर्ण जिल्ह्याच्या सगळ्या दवाखान्यांच्या दारांवर पाट्या लागल्या. जिल्ह्याचा आकडा शून्य.

तो आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. मी तो मोठ्या अक्षरांत स्लाइडवर घातला. बाजूला आणखी एक चढता आलेख लावला. बाळंतपण अवघड झालेल्या बायकांना मोठ्या हॉस्पिटलात वेळेवर पाठवण्याचं प्रमाण, म्हणजे रेफरल, कसं वाढत गेलं ते दाखवणारा. कार्यक्रमाच्या यशाचा तो पुरावाच होता.

बाईंनी ती स्लाइड बराच वेळ पाहिली. मग पडद्यापाशी जाऊन त्या चढत्या रेघेवर बोट ठेवलं.

“इतक्या निघाल्या,” त्या म्हणाल्या. “पोचल्या किती?”

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. जिल्हा हॉस्पिटलची फाइल वेगळी होती. दोन्ही फाइली समोरासमोर ठेवायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. निघालेल्या बायका वर्षागणिक वाढत होत्या. पोचलेल्या तितक्याच राहिल्या होत्या. मला वाटलं नोंदी अर्धवट असतील, आणि मी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, “शून्य दिसलं की मला घाम फुटतो गं. बायका मरायच्या थांबत नाहीत अशा. कुठेतरी दुसरीकडे मरतायत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मुद्दाम ऑफिसात गेले. तेव्हा माझा सातवा महिना सरत आला होता आणि पहाटेची झोप तशीही उडालेली असायची. बाईंनी त्या जिल्ह्यातल्या एका सिस्टरला फोन लावला होता. दोन वर्षांपासून त्या तिच्याशी बोलत होत्या. स्पीकरवर तिचं सावकाश, एकेक शब्द ठेवत बोललेलं इंग्रजी येत होतं. आधी पाऊस, मक्याचं पीक, तिच्या आईचे गुडघे यांच्या चौकशा झाल्या. मग बाई म्हणाल्या, सिस्टर, मला तुमच्या गाडीबद्दल सांगा.

 पलीकडे कुठेतरी पत्र्यावर काहीतरी आपटत होतं. मग ती सांगू लागली. पावसाळ्यानंतर एक पोरगी आली होती, पहिलटकरीण, अंगावर सूज, डोकं दुखतंय म्हणत होती. बीपी खूप होतं. सिस्टरने तिला गाडीत घालून जिल्ह्याला पाठवलं. रस्ता दोन तासांचा. अर्ध्या वाटेत पोरीला झटके आले. ड्रायव्हरने गाडी थांबवली नाही, कारण थांबवून तो काय करणार होता. पोचण्याआधीच ती गेली. हॉस्पिटलच्या फाटकावर सांगितलं की ही आमच्याकडे दाखल झालेली नाही, मग आम्ही कशी लिहायची. गाडी तशीच वळवून गावी नेली.

“तुमच्या रजिस्टरात काय लिहिलंत?” बाईंनी विचारलं.

“रेफर्ड.”

“झटक्यांचं इंजेक्शन होतं तुमच्याकडे?”

“होतं, डॉक्टर,” सिस्टर म्हणाली. “कपाटात होतं. पण ते देऊन तिला इथे ठेवलं असतं आणि ती इथे गेली असती, तर समितीपुढे मी उभी राहिले असते. माझी दोन मुलं आहेत.”

मी बाईंकडे पाहिलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. फक्त इतकंच म्हणाल्या की, कळलं सिस्टर. तिने विचारलं, माझं नाव लिहिणार का? बाई म्हणाल्या, नाही. अशा आणखी किती, हे त्यांनी विचारलं तेव्हा सिस्टरने आठवून आठवून सांगितलं. आमच्या दवाखान्याचं मी सांगते, बाकीच्यांचं त्यांना विचारा, असंही म्हणाली. बाईंनी पुढचे आठ दिवस बाकीच्यांना विचारलं. काहींनी फोन ठेवून दिला. काही बोलल्या.

त्यातून बाईंनी दोन पानांचं प्रकरण लिहिलं आणि मृत्यूंच्या तक्त्यात घरी, दवाखान्यात, हॉस्पिटलात या तीन रकान्यांपुढे चौथा रकाना आखला. रस्त्यात.

डायरेक्टर वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतः तरुणपणी आफ्रिकेत लसी वाटत उन्हातान्हात दिवस काढले होते. पण त्याचं म्हणणं, काही फोनवरच्या गप्पा म्हणजे पुरावा नाही. हाच कार्यक्रम आणखी जिल्ह्यांत न्यायचा की नाही हे आमच्या अहवालावर ठरणार होतं, आणि पुढच्या टप्प्याचं काम आम्हाला मिळणार की नाही हेही. तो म्हणाला, पुढच्या वेळी हे नीट अभ्यासून घालू. बाई म्हणाल्या, मग मी सही करत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. फाइली माझ्या होत्या. मी म्हटलं, आकडे खरे आहेत, मी बाईंच्या बाजूने आहे. हे मी सगळ्यांसमोर बोलले. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. तेहतिसावा आठवडा होता. सकाळपासून डोकं ठणकत होतं, स्क्रीनमुळे असेल म्हणून मी दोन गोळ्या घेतल्या होत्या. बाईंनी रोजच्यासारखा पट्टा गुंडाळला. पारा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. मग पट्टा न काढताच म्हणाल्या, “पर्स घे.”

मी म्हटलं, बाई, अकराला कॉल आहे. त्यांनी ते ऐकलंच नाही. माझं बोट धरून त्यांनी अंगठी फिरवून पाहिली, ती फिरली नाही. त्या दिवशी त्यांनी गाडी अशी चालवली की मी दाराची मूठ धरून बसले होते. वाटेत एकच विचारत होत्या, डोळ्यांपुढे काही चमकतंय का. शेवटी शेवटी चमकायला लागलं होतं. हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी इन्शुरन्सचं कार्ड मागत होती. बाईंनी काउंटरवर दोन्ही हात टेकून मला काय झालं आहे आणि पुढच्या दहा मिनिटांत काय व्हायला हवं आहे, ते अशा आवाजात सांगितलं की आतून दोघी नर्स धावत आल्या.

माझा नवरा डॅलसला क्लायंटकडे होता. तो पोचेपर्यंत माझ्या उशाशी बाईच होत्या. हातात सुई, अंगभर तापलेलं काहीतरी पसरत चाललेलं. कसलं औषध आहे म्हणून मी विचारलं. बाई सलाइनच्या पिशवीकडे बघत होत्या. “तेच,” म्हणाल्या. “सिस्टरच्या कपाटातलं.”

मुलगी त्याच संध्याकाळी झाली, पोट फाडून. ओंजळीत मावेल एवढी. नळ्या लावून तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

बाईंनी मला वाचवलं, हे मी कधीच कमी लेखलेलं नाही. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

मुलगी चौथ्या आठवड्यातही पेटीतच होती. दर दोन तासांनी मी तिच्यापाशी जाऊन बसायचे. तिथेच एका दुपारी डायरेक्टरची ईमेल आली. आधी मुलीची चौकशी, ती खरीखुरी होती. मग लिहिलं होतं की डॉक्टरांनी राजीनामा दिला आहे, अहवाल पाठवायची मुदत उद्या आहे, आणि डेटाची जबाबदारी घेणारी एक सही लागते. सोबत सहीचं पान. अहवाल मी उघडून पाहिला. दोन पानांचं प्रकरण नव्हतं. तक्त्यात तीनच रकाने होते. शून्य तसंच मोठ्या अक्षरांत होतं, माझ्याच स्लाइडवरून घेतलेलं.

माझा व्हिसा वाढवायचा अर्ज त्याच महिन्यात कंपनीच्या वकिलाकडे होता. पेटीचा खर्च माझ्या नोकरीच्या इन्शुरन्सवर चालला होता. हे दोन्ही खरं आहे. डायरेक्टरने मात्र यातलं काहीही लिहिलं नव्हतं, कसलीही धमकी नव्हती. मी काही दिवस मागू शकले असते. बाईंना फोन करू शकले असते. पेटीतल्या मुलीच्या छातीची हालचाल बघत बघत मी फोनवरच बोटाने सही केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

अहवाल वेबसाइटवर गेला, माझ्या नावानिशी. कार्यक्रम आणखी जिल्ह्यांत गेला. मुलगी घरी आली. एका रविवारी बाई आल्या, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मुलीला उलटी-पालटी करून तपासलं, वजनाचा काटा स्वतःचा आणला होता. माझंही बीपी घेतलं. अहवालाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्यांनी वाचला असेल का, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारत राहिले. दर शनिवारी त्यांचा फोन यायचा. मुलीचं वजन, दात, शी. “बोलते का?” “चालते का?” आणि फोन बंद. एवढ्या दोन वर्षांत ऑफिसचं कसं चाललंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दोन वर्षांनी तोच कार्यक्रम पुन्हा तपासायला आमच्याकडे आला. देणगी देणाऱ्यांकडची माणसं बदलली होती, आणि त्यांनीच पहिल्या मीटिंगमध्ये विचारलं की वाटेत मरणाऱ्यांचं काय. डायरेक्टर म्हणाला, आपल्याकडे त्यावर काहीतरी होतं ना? होतं. माझ्या कॉम्प्युटरवर होतं. मी बाईंचा चौथा रकाना जसाच्या तसा घेतला आणि या वेळी गावोगाव माणसं पाठवून, घरोघरी विचारून तो भरला. जो आकडा आला तो इथे लिहीत नाही.  त्यानंतर नियम बदलला. वाटेत गेलेली बाई जिथून निघाली त्या दवाखान्याच्या नावावर लिहायची, आणि त्यासाठी सिस्टरला समितीपुढे बोलवायचं नाही.

हे सांगायला मी बाईंकडे गेले. मुलीला घेऊन गेले. अपार्टमेंटमध्ये त्यांनी आम्हाला बसवलं, मुलीला केळं सोलून दिलं. मी सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं, नियमाचे शब्द नेमके काय आहेत ते विचारलं. मग म्हणाल्या, “बरं झालं. आणि मधल्या दोन वर्षांतल्या?”



त्या सिस्टरचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं. बाईंचे सकाळी सहाचे फोन तिच्यापुरते चालूच होते. तिने नोकरी सोडली होती. बाळंतपणाच्या खोलीत तिला पाऊल टाकवत नव्हतं. आता बाजारात कापड विकते. मी विचारलं, बाई, तुम्ही त्या दिवशी तिच्यावर रागावला नाहीत. मी असते तर रागावले असते.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. तिथूनच बोलल्या.

“माझी पहिली नेमणूक तालुक्याला होती. तिथे एका महिन्यात एक बाई माझ्या हातात गेली, तर जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे मला उभं करून विचारलं. पुढच्या महिन्यात दुसरी आली, रक्त थांबेना. मला काही गोष्टी करता आल्या असत्या. मी चिठ्ठी लिहिली आणि जिल्ह्याला पाठवली. जीप फाटकाबाहेर पडली ना, तेव्हा मला बरं वाटलं.” मग त्या म्हणाल्या, “ते बरं वाटलेलं अजून आठवतं. चिठ्ठीवर मीच तिचं नाव लिहिलं असणार. ते काही केल्या आठवत नाही.”

मुलगी केळ्याने बरबटलेले हात सोफ्याला पुसत होती. मी सोफा पुसून काढला, उगीच जास्त वेळ पुसत बसले. बाईंनी भाकरी केली, आम्हाला बसवून वाढली, स्वतः उभ्याने खाल्ली. मुलीचं वजन घेतलं.

निघताना दाराशी मी विचारलं. एवढी दोन वर्षं विचारायचं होतं ते.

“बाई, तुम्ही रागावलात का माझ्यावर?”

“हो,” त्या म्हणाल्या. “अजून आहे राग.”

मग खाली वाकून त्यांनी मुलीच्या सँडलचा सुटलेला पट्टा लावला, नीट बसला का ते बोट घालून पाहिलं, आणि आमच्यासाठी दार उघडून धरलं.